बिग ब्लाइंड : सोडायचा की लढवायचा?

प्रश्न : सहा जणांच्या टेबलवर पोकर (टेक्सास होल्डेम) खेळतो. नोंदी तपासल्या तर सर्वांत जास्त तोटा बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे सक्तीची मोठी रक्कम आधीच लावावी लागते त्या जागेवर, दिसतो. या जागेवर फक्त भारी पानं खेळावीत का?

नाही. इथे तोटा सगळ्यांनाच होतो, उत्तम खेळाडूंनाही. पानं बघण्याआधीच तुमच्याकडून एक ब्लाइंड (ही सक्तीची रक्कम; पुढचे सगळे हिशोब तिच्याच मापात) घेतलेला असतो आणि फ्लॉपनंतर, म्हणजे पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर, बहुतेक वेळा आधी बोलावं लागतं. प्रत्येक हात फोल्ड केलात, म्हणजे पानं टाकून दिलीत, तर १०० हातांमागे १०० ब्लाइंड जातात. तुलना या आकड्याशी करा, शून्याशी नको. लावलेला ब्लाइंड धरून एखाद्या कॉलमध्ये (समोरच्याइतकीच रक्कम लावण्यात) सरासरी पाऊण ब्लाइंड जात असेल, तर तो कॉल फोल्डपेक्षा पाव ब्लाइंडने चांगला आहे. सहा जणांत ही जागा दर सहाव्या हाताला येते, म्हणून भारी पानांची वाट बघत बसणं फार महागात पडतं.

प्रश्न : बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) अडीच ब्लाइंडचा रेझ आला, म्हणजे रक्कम वाढवली गेली, आणि स्मॉल ब्लाइंडने (सक्तीचा अर्धा ब्लाइंड लावणाऱ्याने) फोल्ड केलं. मी कोणत्या पानांवर कॉल करू?

आधी किंमत काढा. पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या रकमेत) बटनचे अडीच, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि तुमचा एक, असे ४ ब्लाइंड आहेत. तुम्हाला आणखी दीड घालायचे आहेत, म्हणजे साडेपाचच्या पॉटसाठी दीड. लागणारी इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) साधारण २७ टक्के. रेझ दोनचाच असेल तर २२ टक्के पुरतात, तीनचा असेल तर जवळपास ३१ लागतात. रेझ किती मोठा आहे हे न बघता ठरावीक पानांवर कॉल करणाऱ्यांचं नुकसान इथूनच सुरू होतं.

पण २७ टक्के हा आकडा पाचही पानं उघडेपर्यंत तुम्ही टिकलात तरच खरा. पोझिशन (समोरच्यानंतर बोलण्याचा फायदा) नसताना तुम्ही टिकत नाही. वाटेत बेट (समोरच्याने लावलेली रक्कम) येते आणि हात सोडावा लागतो. समजा कागदावर इक्विटी ३३ टक्के आहे, पण प्रत्यक्षात तिचा तीन चतुर्थांशच हाती लागतो. मग उरले २५च्याही आत, आणि कॉल तोट्याचा झाला. म्हणून हात निवडताना तो फ्लॉपनंतर कसा खेळेल हे बघायचं. कोणत्याही दोन पानांविरुद्ध राजा-तिर्री ऑफसुट (वेगवेगळ्या चिन्हांची) निम्म्याहून थोडे जास्त वेळा जिंकते आणि सुटेड (एकाच चिन्हाची) सत्ती-छक्की साधारण ४५ टक्के वेळा. तरीही मी बटनच्या या रेझला सत्ती-छक्कीवर निःशंक कॉल करेन आणि राजा-तिर्री टाकेन. सत्ती-छक्कीला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) आणि स्ट्रेटचे (ओळीने पाच पानं) ड्रॉ, म्हणजे पूर्ण होण्याच्या बेतातले हात, मिळतात, ज्यांच्या जोरावर बेट झेलता येते किंवा उलट रेझ करता येतो. राजा-तिर्रीला राजा लागला तरी किकर (जोडीसोबतचं दुसरं पान) कच्चा, आणि मोठ्या बेटसमोर काय करायचं ते कळत नाही.

हाच रेझ पहिल्या जागेवरून (सर्वांत आधी बोलणाऱ्याकडून) आला तर किंमत तीच, पण समोरची पानं कितीतरी बळकट. तिथे एक्का-नव्वी ऑफसुट, राजा-दश्शी ऑफसुट हे देखणे हात सोडून द्या. जोडी लागली तरी बऱ्याचदा त्याच्याकडे तीच जोडी चांगल्या किकरसह असते.

प्रश्न : फ्लॉपवर मी चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो), तो पॉटच्या एक तृतीयांश बेट लावतो आणि मला काही लागलेलं नसेल तर मी फोल्ड करतो. हे बरोबर ना?

इथेच तुमचे सर्वाधिक पैसे जात असणार. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही साधारण तीनांतून एकदाच लागतं. म्हणजे तुम्ही तीनांतून दोनदा सोडून देता. एवढ्या लहान बेटला चारांतून एकदा फोल्ड मिळालं तरी ब्लफची भरपाई होते. तुमच्यासमोर तो डोळे मिटून कोणतीही दोन पानं खेळला तरी कमावेल.

कॉलसाठी तुम्हाला २० टक्केच लागतात. राणी-सत्ती-दुर्रीच्या फ्लॉपवर गुलाम-दश्शी असेल आणि फ्लशला आणखी दोनच पानं कमी असतील, तर एक कॉल कराच. ६-५-४ सारख्या फ्लॉपवर स्ट्रेट आणि दोन जोड्या त्याच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त असतात. तिथे चेक-रेझ (आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेझ) वाढवा. एक्का-राजा असलेल्या फ्लॉपवर मात्र जपून. एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, एक्का-राजा हे हात तुमच्याकडे असते तर तुम्ही आधीच थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) केली असती, हे त्यालाही माहीत आहे.

प्रश्न : थ्री-बेट फक्त मोठ्या जोड्यांवरच करतो. चालेल?

मग समोरचा प्रत्येक वेळी निर्धास्त फोल्ड करेल. बटनविरुद्ध ११ ब्लाइंडपर्यंत थ्री-बेट करताना तुम्ही १० घालून ४ मिळवायला जाता. निव्वळ ब्लफ म्हणून ती ७१ टक्क्यांहून जास्त वेळा चालावी लागेल. म्हणून रद्दी पानं नकोत. सुटेड एक्का-पंजी घ्या. तुमच्या हातातल्या एक्क्यामुळे त्याच्याकडे एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा असण्याची शक्यता घटते, आणि कॉल आलाच तर सर्वांत मोठ्या फ्लशची आशा उरते. मधले हात, म्हणजे सुटेड राणी-दश्शी, राजा-गुलाम ऑफसुट, यांवर बहुतेकदा कॉलच बरा.

प्रश्न : आणि रेझ स्मॉल ब्लाइंडकडून आला तर?

तिथे पोझिशन तुमची. तीनच्या रेझला ३३ टक्के लागतात, म्हणजे किंमत थोडी महाग. पण फ्लॉपनंतर शेवटी तुम्ही बोलणार असल्याने वरची पुष्कळ बंधनं सैल होतात. बटनविरुद्ध टाकलेली राजा-तिर्रीही इथे अनेकदा खेळता येते.