मिठाची बॅटरी स्वस्त का नाही?

प्रश्न : पंचवटीत माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, 'मिठाची बॅटरी आली का? मीठ एवढं स्वस्त, मग बॅटरी का नाही?' काय सांगू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिठाची बॅटरी म्हणजे सोडियम-आयन बॅटरी. मिठातलं सोडियम स्वस्त आहेच, पण मोठा खर्च कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या, पावडरीचा. तिच्यात सोडियमच्या जोडीला निकेल किंवा व्हॅनेडियम घातलं की भाव चढला. म्हणून मी आणि माझे विद्यार्थी लोखंड आणि मँगेनीजच्या मागे लागलो. मँगेनीज तर आपल्या नागपूर-भंडाऱ्यात निघतं.

गेल्या जुलैत माझ्या विद्यार्थ्यांनी धुण्याचा सोडा आणि या दोन धातूंची ऑक्साइडं घोटून ९०० अंशांवर रात्रभर भाजली. काळीभोर, सुरेख पावडर निघाली. बाटलीचं बूच सैल राहिलं आणि बाहेर नाशिकची झड लागलेली. दोन दिवसांनी तिची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, केली. ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शाईसारखी पसरायला हवी, तर भांड्यातच खरवसासारखी थिजली. दमट हवेनं कणांतलं सोडियम बाहेर ओढलं होतं. त्याचा कणांवर पुन्हा धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा झाला आणि त्यानं बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा डिंक, बिघडवला. पोरांचे चेहरे पाहवेनात.

थोडं मँगेनीज काढून मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम घातलं, कणांना लेप दिला, की पावडर जास्त टिकते. तरी कोरड्या हवेची खोली लागतेच, आणि स्वस्त धातूंनी वाचवलेला पैसा तिथे जातो. पावडरीचा भाव काढताना हा खर्च धरलाच पाहिजे, असं मी मुलांना बजावतो.

म्हणून घरच्या इन्व्हर्टरसाठी माझा कौल कॅथोडच्या दुसऱ्या एका पावडरीला : सोडियम आणि लोखंडाच्या फॉस्फेट-पायरोफॉस्फेटला. ते ओलाव्याला एवढं भीत नाही आणि पुष्कळ वर्षं चालतं. त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ग्लुकोज मिसळून बंद भट्टीत भाजायचं; कणांवर कार्बनचा पातळ थर बसतो. किलोमागे वीज कमी साठते, पण कोपऱ्यात ठेवलेल्या इन्व्हर्टरचं वजन कोणाला उचलायचंय?

एक मात्र सांभाळा. सोडियम बॅटरी जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका. भरलेली आणि रिकामी यांच्या व्होल्टेजमधला फरक शिशाच्या बॅटरीपेक्षा खूप मोठा असतो. चार्जिंगची आणि कट-ऑफची (किती व्होल्टला बंद व्हायचं त्याची) सेटिंग बॅटरीच्या माहितीपत्रकाप्रमाणे बदलता येत नसेल, तर इन्व्हर्टर बरीच वीज शिल्लक असतानाच बंद पडू शकतो.