शब्दांची सोयरीक कशी ओळखायची?

प्रश्न: आमच्या पूर्व भागातल्या जुन्या विणकरांच्या मुलाखती टाईप करून ठेवल्यात, हजारेक परिच्छेद असतील. 'माग' शब्दासोबत काय काय येतं ते कॉम्प्युटरवर मोजलं तर 'आहे', 'होतं', 'आणि' हेच वर येतंय. खरे संबंध कसे काढायचे? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: ताई, नुसतं मोजलं की असंच होणार, 'आहे' काय सगळ्यांसोबतच येतं. योगायोगाने जेवढं यायला हवं त्याच्या किती पट आलं ते बघा. समजा १००० परिच्छेदांपैकी १०० मध्ये 'माग' आणि ५० मध्ये 'कर्ज' आहे, संबंध काहीच नसता तर दोन्ही साधारण ५ ठिकाणी एकत्र दिसले असते, आणि तुम्हाला दिसले २० ठिकाणी, म्हणजे चौपट, तिथे नक्की थांबा. याच गुणोत्तराचा लॉग (लॉगरिदम) म्हणजे पीएमआय (पॉइंटवाइज म्युच्युअल इन्फर्मेशन, दोन शब्दांची जवळीक मोजायचं माप), चर्च आणि हँक्स या संशोधकांनी १९९० च्या शोधनिबंधात तो शब्दांच्या जोड्यांसाठी वापरला. फक्त एक सांभाळा, सगळ्यात मिळून एकदाच आलेला शब्द नेमका मागाच्या परिच्छेदात पडला तर तो दहापट दिसतो, म्हणून पाचपेक्षा कमी वेळा आलेले शब्द आधीच काढून टाका.

आणि हे सगळं करायच्या आधी रूपं एकत्र करा, मागाला, मागावर, मागाचा हे सगळं 'माग'मध्ये. पण नुसते प्रत्यय छाटणारा प्रोग्राम वापरलात तर 'मागचा', 'मागे' पण त्यातच जातील आणि मग मागच्या वर्षाचा संबंध थेट हातमागाशी लागेल, ते हाताने तपासाच.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती डॉन स्वानसन या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञांची पद्धत. १९८६ साली त्यांनी बघितलं की काही शोधनिबंध म्हणतात माशाच्या तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो, आणि दुसरे म्हणतात रेनॉड नावाच्या आजारात, म्हणजे थंडीत बोटं पांढरी पडतात त्यात, रक्त घट्ट असतं, पण दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं वाचलेलंच नव्हतं! त्यांनी मधला दुवा धरून तेल या आजारावर उपयोगी पडेल असं मांडलं. तुमच्याकडेही एका मुलाखतीत माग आणि कर्ज, दुसरीत कर्ज आणि लग्न असं असेल तर माग-लग्न ही जोडी एकत्र कुठेच नसली तरी शोधून बघा. मात्र कर्ज मागासाठी काढलं की माग विकून फेडलं हे आकडा सांगत नाही, त्यासाठी ते २० परिच्छेद स्वतः वाचा.