कालनिर्णयच्या पानामागे लिहिलेल्या बारा शब्दांतले दोन कसरीने खाल्ले, आता बिटकॉइनचं वॉलेट उघडेल का?

उघडायची शक्यता चांगली आहे. आणि टेलिग्रामवरच्या त्या माणसाला पंधरा हजार देऊ नका. पुढचं वाचायला सवड नसेल तर निदान त्या पानाचा फोटो त्याला पाठवू नका, एवढं करा.

तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून मला कळला तसा मांडतो. काकांनी २०१७ मध्ये मोबाइलवर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं ॲप, घेऊन त्यात थोडे बिटकॉइन ठेवले. फोन गेला तर वॉलेट परत उघडता यावं म्हणून ॲपने दाखवलेले बारा इंग्रजी शब्द त्यांनी कालनिर्णयच्या पानामागे आकडे घालून, ओळीने, पण देवनागरीत लिहून ठेवले. नंतर तो मोबाइल बिघडला, बाजूला पडला. आता पान सापडलंय, पण चौथा शब्द कसरीने पूर्ण खाल्लाय आणि नवव्याचं फक्त 'क' उरलंय. ॲप कोणतं होतं ते काकांना आठवत नाही. टेलिग्रामवर एकजण म्हणतो, 'दहा शब्द पाठवा, आगाऊ पैसे भरा, चोवीस तासांत काढून देतो.'

मीही तुमच्यासारखा इंदूरलाच असतो, आरएनटी मार्गावर डेटा रिकव्हरीचं काम करतो. बिघडलेल्या हार्ड डिस्क हा माझा मुख्य धंदा, पण गेल्या काही वर्षांत वॉलेटवालेही येतात. आले की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, 'काढून देणारा माणूस कोण?' माणूस कोण याने फार फरक पडत नाही. हातात काय शिल्लक आहे आणि त्यावरून किती शक्यता तपासाव्या लागतील, याचा हिशेब करायचा असतो. तुमच्याकडे दहा शब्द आहेत, जागा ठाऊक आहेत. वेल्सच्या न्यूपोर्टमधल्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट पेपरात वाचून लोक घाबरतात. त्याची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि तिच्याबरोबर काही हजार बिटकॉइन. त्याच्या हातात काहीच नाही. तुमची केस तशी नाही.

आता हिशेब. हे बारा शब्द कुठल्याही डिक्शनरीतले नसतात. २०१३ मध्ये ठरलेली २०४८ इंग्रजी शब्दांची एक यादी आहे, बीआयपी ३९ नावाची. नेटवर ती कोणालाही मिळते, त्यात गुप्त काही नाही. बहुतेक वॉलेटं त्यातूनच शब्द देतात. एक शब्द गेला तर २०४८ शक्यता, दोन गेले तर २०४८ गुणिले २०४८, म्हणजे ४१,९४,३०४. आकडा मोठा वाटतो, पण इथे एक सोय आहे. बारावा शब्द पूर्ण मोकळा नसतो, त्यात आधीच्या सगळ्यांची पडताळणी दडवलेली असते, तिला चेकसम म्हणतात. त्यामुळे आपण जुळवलेल्या दर सोळा ओळींपैकी सरासरी एकच ओळ खरी ठरू शकते. ४१ लाखांचे उरले २,६२,१४४. साध्या लॅपटॉपला हे काही मिनिटांचं, फार तर तासाभराचं काम आहे.

तुमच्या नवव्या शब्दाचं 'क' शिल्लक आहे, तो आणखी फायदा. पण तिथे नीट डोकं लावा. काकांनी ऐकू येईल तसं लिहिलंय, त्यामुळे 'क' म्हणजे इंग्रजीतला सी, के किंवा क्यू यापैकी काहीही असू शकतं. उलट गुडघ्याचा 'नी' आणि सुरीचा 'नाइफ' केने सुरू होतात, पण काका ते 'न' लावून लिहितील, म्हणून ते यादीतून काढायचे. कसंही धरा, या जागेसाठी अडीचशेपेक्षा जास्त शब्द उरत नाहीत.

उरलेले दहा शब्द धड आहेत असं तुम्ही म्हणता, तिथे मात्र मी थांबेन. ती ओळ यादीसमोर ठेवून एकेक शब्द वाचा. काकांनी 'पीस' लिहिलं असेल तर तो शांततेचा पीस की तुकड्याचा? दोन्ही यादीत आहेत. 'राइट' उजवा की लिहिण्याचा? दोन्ही आहेत. 'वेअर' कपडे घालण्याचा की 'कुठे' विचारण्याचा? दोन्ही आहेत. 'सेल' विकण्याचा असेल किंवा जहाजाच्या शिडाचा. दुकानातल्या सेलचं स्पेलिंग यादीत नाही, म्हणून तो धरायचा नाही. 'फ' असेल तर एफ पाहा आणि पीएचही पाहा. असा शब्द दिसला की दोन्ही पर्याय लिहून ठेवायचे. असे तीन शब्द निघाले तर शक्यता आठपट होतील, म्हणजे नववा शब्द सगळ्या २०४८मधून धरला तरी साधारण २१ लाख. रात्री लावून झोपलात तर सकाळपर्यंत निकाल हातात. जिथे काकांनी इंग्रजी स्पेलिंग लिहिलं असेल, पण शाई पसरली असेल, तिथे पहिली चार अक्षरं वाचता आली तरी पुरे. त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नाहीतच. शक्य असेल तर काकांना शेजारी बसवा आणि शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. हाताने लिहिलेलं माणूस विसरतो, उच्चार बऱ्याचदा आठवतो.

हे काम करायला बीटीसीरिकव्हर नावाची फुकट, ओपन सोर्स प्रणाली आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कॉम्प्युटरवर लागते, काळ्या खिडकीत कमांड द्याव्या लागतात, बाकी कठीण काही नाही. घरात इंजिनिअरिंगचं कोणी पोरगं असेल तर दुपारभरात जमवेल. एक अट पाळा: डाउनलोड करून झालं की वायफाय बंद, आणि शब्द टाकताना नेट नाही म्हणजे नाही. शक्य असेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून त्यावरून चालवा. शब्द व्हॉट्सॲपवर, मेलमध्ये, गूगलच्या नोट्समध्ये कुठेही लिहायचे नाहीत, फोनने पानाचा फोटोही नको. फोटो आपोआप क्लाउडवर जातो.

त्या प्रणालीला एक गोष्ट लागते: काकांच्या वॉलेटचा जुना ॲड्रेस, म्हणजे बिटकॉइन ज्यावर येतात तो खाते क्रमांकासारखा पत्ता. नाहीतर अडीच लाखांतला आपला कोणता, हे तिला कळणार कसं? तो शोधायला काकांचा मेल उघडा. २०१७ मध्ये त्यांनी बिटकॉइन एखाद्या एक्स्चेंजवर (खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर) घेऊन मग आपल्या वॉलेटमध्ये पाठवले असतील, तर पाठवल्याच्या मेलमध्ये किंवा एक्स्चेंजच्या हिस्टरीत तो असतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं, तेव्हा कित्येक एक्स्चेंजनी आपापला गाशा गुंडाळला. सुप्रीम कोर्टाने तो हुकूम मार्च २०२० मध्ये रद्द केला खरा, पण मधल्या काळात बंद पडलेल्यांच्या वेबसाइट आता सापडणार नाहीत. मेल मात्र सापडतो. ॲड्रेस मिळाला की कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकून बघा, शिल्लक किती ते लगेच दिसतं. हे सगळ्यात आधी करा. तिथे शून्य असेल आणि पैसे २०१८ मध्येच बाहेर गेल्याचं दिसलं, तर काकांनी स्वतःच विकले होते का ते विचारा. त्या वर्षअखेरीस भाव चार हजार डॉलरच्या खाली आला होता, तेव्हा घाबरून विकणारे खूप होते आणि विकल्याचं विसरणारेही.

तो जुना मोबाइलही फेकू नका. स्क्रीन गेली असेल, बॅटरी फुगली असेल, तर जेल रोडवर दुसरी टाकून मिळते. फक्त दुकानदाराला 'रिसेट करू नको' असं दोनदा सांगा आणि काम होईपर्यंत तिथून हलू नका. फोन चालू झाला, काकांना पिन आठवला, तर ॲप बहुधा बारा शब्द स्वतःच दाखवेल आणि वरची सगळी खटपट वाचेल.

ॲप आठवत नाही याची फार काळजी नको, पण दोन ठिकाणी लोक चकतात. एक म्हणजे इलेक्ट्रम नावाचं वॉलेट. ते यादी तीच वापरतं, पण त्याची पडताळणी वेगळी असते. इलेक्ट्रमचे शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले तर ते 'चुकीचे' दाखवतं आणि माणसाला वाटतं कागदच खोटा. म्हणून बीटीसीरिकव्हरमध्ये दोन्ही प्रकार चालवून बघा. दुसरं, शब्द बरोबर निघाले, वॉलेट उघडलं आणि शिल्लक शून्य. अशा वेळी बरेच जण हार मानतात, तेव्हाच खरं तर बघायला हवं. एकाच बारा शब्दांतून १ने सुरू होणारे, ३ने सुरू होणारे आणि बीसी१ने (bc1) सुरू होणारे असे वेगवेगळे ॲड्रेस निघतात, आणि नवं ॲप बऱ्याचदा फक्त शेवटचे बघतं. २०१७ मधल्या फोन वॉलेटांत १वाले जास्त होते. वॉलेटमध्ये जुन्या पद्धतीचा पर्याय निवडा. तरीही शून्य असेल तर काकांनी शब्दांवर वेगळा पासफ्रेज, म्हणजे जादा पासवर्ड, लावला होता का ते विचारा. पासफ्रेज चुकला की ॲप 'चुकला' म्हणत नाही, गुपचूप दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं.

आता त्या टेलिग्रामवाल्याकडे येऊ. वरचा हिशेब तुम्ही वाचलात. जो हिशेब तुम्ही करू शकता तो तोही करू शकतो. दहा शब्द हातात आले की बाकीचे दोन काढायला त्याला तुमची गरजच उरत नाही. म्हणजे दहा शब्द पाठवणं आणि पैसे पाठवणं यात फरक एखाद्या तासाचा. सीतलामाता बाजारात साडी घेताना पदर उलटून धागा बघणारी आपली माणसं, फोटोत गळ्यात आयकार्ड घातलेल्या अनोळखी पोरावर विश्वास टाकतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यातले बरेच जण तर शब्दही मागत नाहीत. एका वेबसाइटवर तुमच्या नावाने मोठी शिल्लक दाखवतात, मग 'गॅस फी', मग 'टॅक्स', मग 'क्लिअरन्स' असं करत पैसे काढत राहतात. ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, टॅक्स भरल्याशिवाय पैसे अडकून राहतात असं काही नसतं.

खरोखर हे काम करणारे लोक जगात आहेत. ते आगाऊ पैसे घेत नाहीत, काम झालं तर साधारण वीस टक्के घेतात. पण त्यांची गरज लागते ती पासवर्ड विसरलेल्या जुन्या वॉलेट फाइलसाठी, जिथे शक्यता कोट्यवधींच्या पुढे जातात. शब्दांच्या केसमध्ये मदत करणाऱ्याला सगळं दिसणारच, म्हणून घरच्या घरी केलेलं बरं. मलाही पाठवू नका. तीन शब्द गेले असते तर आकडा ८५८ कोटींच्या पुढे गेला असता, तेव्हा तगड्या मशीनचा विचार केला असता. चार गेले असते तर मीच 'सोडून द्या' म्हटलं असतं.

शब्द आधीच पाठवले असतील तर मात्र आज रात्रीच बसा, उद्यावर ढकलू नका. पैसेही दिले असतील तर १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी बँकेकडून रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

वॉलेट उघडलं की त्याच बारा शब्दांवर पुढे विसंबू नका. नवं वॉलेट करा, नवे शब्द इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत, दोन कागदांवर लिहा. आधी थोडेसे पाठवून बघा, पोहोचले की बाकीचे. काकांचे बिटकॉइन १ ऑगस्ट २०१७ पूर्वीचे असतील तर त्याच बारा शब्दांतून निघणाऱ्या चाव्यांवर तेवढेच बिटकॉइन कॅशही (त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं चलन) असतील, पण त्यांना हात लावायचा तो बिटकॉइन हलवून झाल्यावर.

विकायचे असतील तर नफ्यावर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस, एप्रिल २०२२ पासून. एक्स्चेंजवर विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये दाखवून वजा करता येतो. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची मिळते, म्हणून काकांच्या २०१७ च्या बँक पासबुकातल्या त्या नोंदी आणि एक्स्चेंजचे मेल जपून ठेवा. रक्कम मोठी असेल तर विकण्याआधी सीएला भेटा. बिटकॉइन काकांच्या नावचे आहेत, तेव्हा विक्रीही त्यांच्याच खात्यातून होऊ द्या.

मेलमध्ये जुना ॲड्रेस सापडला तर तो १ने, ३ने की बीसी१ने सुरू होतो एवढं इथे कळवा, मग कुठला पर्याय निवडायचा ते सांगतो. शब्द मात्र इथे एकही लिहू नका.