प्रवास-शंका: मैल जमतात, तिकीट जमत नाही

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. वर्षाआड आम्ही दोघं तिच्याकडे जातो; कधी एअर इंडिया, कधी युनायटेड, कधी लुफ्तान्सा, एकदा एमिरेट्स. प्रत्येकाचं सदस्यत्व आहे, पण प्रवासाबद्दल खात्यात जमा होणारे मैल फुकट तिकिटाइतके कुठेच होत नाहीत. पूर्वी एका वारीत बरे जमायचे. थोडे पैसे जास्त गेले तरी एकच एअरलाइन धरावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मैल मोजायची रीतच बदलली आहे. पूर्वी हिशोब अंतरावर असे, त्यामुळे मुंबई-अमेरिका म्हटलं की खात्यात घसघशीत भर पडायची. डेल्टा आणि युनायटेडने 2015 मध्ये तो भाड्यावर आणला आणि साध्या सदस्याला डॉलरमागे 5 मैल ठरवले, तेही सरकारी कर वगळून. एअर इंडियानेही 2024 मध्ये तीच वाट धरली. स्वस्त तिकीट शोधून आधीच काढणाऱ्याच्या वाट्याला साहजिकच कमी मैल येतात.

दुसरीकडे फुकट तिकीट महागलं. युनायटेडने 2019 मध्ये ठरलेल्या मैलांचं कोष्टकच काढून टाकलं. आता मागणी वाढली की तिकिटासाठी मोजायचे मैलही वाढतात, आणि आपल्याला सवड असते ती नेमकी मे महिन्यात नाहीतर दिवाळीत.

म्हणून एअरलाइन धरून राहण्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मैलाची किंमत आधी काढा. समजा, तिकीट रोख 48,000 रुपयांना आहे आणि मैलांवर घेतल्यास 35,000 मैल व वर कर-अधिभाराचे 17,000 रुपये पडतात. वाचले 31,000 रुपये, म्हणजे मैलाला साधारण 89 पैसे. ‘आपल्या’ एअरलाइनसाठी 5,000 रुपये जास्त देऊन 2,000 मैल वाढले, तर हाती आले जेमतेम 1,780 रुपये. शिवाय हा भाव उद्या टिकेलच असं नाही. तो ठरवणारी कंपनीच आहे.

खाती मात्र कमी करा. एअर इंडिया, युनायटेड आणि लुफ्तान्सा तिन्ही स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहेत. त्यांच्या पुढच्या प्रवासांचे मैल एकाच खात्यात टाकता येतात. तुम्ही वर्षाआड जाता, तेव्हा मुदत बघून खातं निवडा. युनायटेडच्या मैलांना 2019 पासून मुदत नाही. सिंगापूर एअरलाइन्सही याच अलायन्समधली, पण तिचे मैल तीन वर्षांत संपतात. तुमच्यासाठी ते सोयीचं नाही. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तिचं खातं वेगळंच राहील.

तिकीट काढण्यापूर्वी बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याच्या प्रकाराचं इंग्रजी अक्षर पाहा आणि ज्या खात्यात मैल टाकायचे त्याच्या भागीदार एअरलाइन्सच्या कोष्टकात शोधा. अगदी स्वस्त क्लासला काही ठिकाणी शून्य मैल मिळतात.

प्रश्न : प्रवास होऊन दोन महिने झाले, माझे मैल आले, पत्नीचे नाहीत. नंबर दोघांचेही दिले होते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नावाची गफलत असेल. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा पतीचं नाव येतं, तिकिटावर दोन्ही सलग छापली जातात आणि सदस्यत्वाच्या अर्जात मधलं नाव गाळलेलं असतं. लग्नाआधीचं आडनाव राहिलं असेल तर विचारूच नका. आधी प्रोफाइलमधलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मगच ‘मिसिंग माइल्स’चा दावा टाका. त्यासाठी 13 आकडी ई-तिकीट नंबर लागतो (सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा) आणि बोर्डिंग पासही मागतात. दाव्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सहा महिने असते, तेव्हा चालढकल नको.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे आत्ताच वळवून ठेवू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. हव्या त्या तारखेची मैलांवरची सीट साइटवर दिसली, की तेवढेच वळवा. काही बँकांकडून ते जमा व्हायला दोन-तीन दिवस जातात आणि तोवर सीट गेलेली असते. म्हणून दुसरी एखादी तारीख हाताशी असू द्या.