शिक्षा झाल्यावरही चेकची केस मिटते का?

"मॅडम, आता शिक्षाच लागली की. मिटवायला राहिलंय काय?"

चेक न वटता परत आल्याच्या केसमध्ये घरातला माणूस दोषी ठरला की हा प्रश्न हमखास येतो. निकालानंतर तडजोड होत नाही, असं कुणीतरी छातीठोक सांगितलेलं असतं. ते खरं नाही. चेक न वटण्याचा गुन्हा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, त्याच कायद्याच्या कलम १४७ नुसार आपसात मिटवता येतो. अपील चालू असतानाही येतो, आणि उच्च न्यायालयात प्रकरण असलं तरी येतो. फिर्यादी मात्र तयार हवा. त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही.

इचलकरंजीच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील आणि रकमा बदलल्या आहेत). नवऱ्याचे यंत्रमाग, सूत उधारीवर घेतलेलं. मंदीत कापड पडून राहिलं आणि ६ लाखांचा चेक परत आला. मॅजिस्ट्रेटनी सहा महिने साधी कैद आणि ९ लाख नुकसानभरपाई सुनावली. अपिलात सत्र न्यायालयाने शिक्षा स्थगित केली आणि कलम १४८ प्रमाणे भरपाईच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, भरायला लावले. बाईंनी दागिने ठेवून ते भरले होते.

फिर्यादी सूत व्यापारी माझ्याकडे तडजोडीच्या पहिल्या बैठकीला आले ते हिशेबाची वही घेऊनच. बिलं, लॉरीच्या पावत्या, सगळं लावून ठेवलेलं. मी रकमेवर बोलू लागले, तर त्यांनी वही मिटली. "पैशाचं नंतर बघू. ह्यांच्या वकिलांनी उलटतपासात मला सावकार म्हटलं. कोरा चेक चोरला म्हणे मी! वीस वर्षं ह्यांच्या घरच्या कार्याला गेलोय."

चेकच्या केसमध्ये हे फार होतं. बचावासाठी 'चेक हरवला होता', 'सही माझी नाही', 'तारणापोटी कोरा दिला होता' असं काहीबाही सुचवलं जातं. आरोपीला तो वकिलाचा डावपेच वाटतो, फिर्यादीला तो भर कोर्टात केलेला अपमान असतो. माझं ठाम मत आहे, शिक्षेनंतरच्या तडजोडी रकमेपेक्षा इथे जास्त अडतात.

यंत्रमागवाला नवरा बराच वेळ खाली मान घालून होता. मग म्हणाला, "शेठ, सूत मिळालं होतं. चेक मीच दिला होता. घाबरून वकिलांना तसं बोलायला लावलं." बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पैसा बुडवायचा नव्हता ओ." सूत मिळाल्याचं आणि चेक ते देणं फेडायलाच दिल्याचं वाक्य तडजोडीच्या मसुद्यात सगळ्यात वर घातलं. त्यानंतर साडेसात लाखांवर यायला फार वेळ लागला नाही. कोर्टात जमा १ लाख ८० हजार व्यापाऱ्यांनी उचलायचे, उरलेले ५ लाख ७० हजार तीन हप्त्यांत आरटीजीएसने. नवे चेक मी मुद्दाम टाळायला सांगते. तडजोडीचा चेक परत आला तर त्यावर नवी केस उभी राहते.

खर्चाची एक बाब लोकांना ठाऊक नसते. उशिरा तडजोड केली तर आरोपीला चेकच्या रकमेवर टक्केवारीने खर्च भरावा लागतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्र आणि उच्च न्यायालयाच्या टप्प्यासाठी १५ टक्के ठरवले होते, सप्टेंबर २०२५ मध्ये ते साडेसातवर आणले. म्हणजे ह्या जोडप्याला ६ लाखांच्या चेकवर ९० हजारांऐवजी ४५ हजार. बचावाचा पुरावा सुरू होण्याआधीच मिटवलं असतं तर तेही लागले नसते.

आता ज्यांचा निकाल नुकताच लागलाय त्यांच्यासाठी. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. बोलणी चालू आहेत म्हणून ती घालवू नका. अपील दाखल करा आणि मग बोला. अपील फेटाळलं गेलं तरी उच्च न्यायालयात पुनरीक्षणात (रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासायचा अर्ज) तडजोड मांडता येते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच असल्यामुळे आपल्या भागातल्यांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे बाहेरच्या बाहेर पैसे देऊन स्टॅम्प पेपरवर 'मिटलं' लिहून घेणं. पैसे पोचतात, पण कोर्टाच्या लेखी शिक्षा तशीच राहते, माणूस तारखांना जाणं सोडतो आणि एक दिवस वॉरंट घेऊन पोलीस दारात. दोघांच्या सह्यांची तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, अपील कोर्टात दाखल व्हायलाच हवी. कोर्टाने परवानगी देऊन ती मान्य केली की आरोपी निर्दोष सुटतो, शिक्षा उरत नाही. त्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. आधी वॉरंट निघालं असेल तर ते रद्द झाल्याची खात्री कोर्टात करून घ्या आणि नकलेची एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.