ह्यूस्टनला राहायला जायचंय, पण चक्रीवादळाचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: यजमानांना अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला नोकरी लागली आहे, ऑगस्टच्या शेवटी रुजू व्हायचंय, तुम्ही नागपूरचे, समुद्राची सवय नाही, मुलगा चार वर्षांचा. दरवर्षी वादळं येतात असं ऐकून झोप उडाली आहे. तिथली माणसं राहतात तरी कशी, आणि यावं की येऊ नये?

या. मी २००७ पासून इथे आहे, मूळचा श्रीवर्धनचा. आइक, हार्वी आणि बेरिल ही तिन्ही वादळं इथेच काढली, त्यातल्या हार्वीत घर पाण्याखाली गेलं. त्या अनुभवावरून सांगतो, वादळात तुमचं काय होणार हे बरंचसं तुम्ही घर निवडता त्या दिवशीच ठरून जातं. म्हणून उत्तरातला मोठा भाग घराबद्दल आहे. टॉर्च आणि पाण्याच्या बाटल्या काय, कोणीही सांगेल.

इथला मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरी धास्ती ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तुम्ही ऐन मोसमात उतरणार. टीव्हीवर 'कॅटेगरी' म्हणून एक ते पाच असा आकडा दाखवतात. एक म्हणजे वारा ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे, पाच म्हणजे २५२ च्या पुढे. हा आकडा फक्त वाऱ्याचा. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत शिरेल, वादळ किती दिवस ठाण मांडेल, यातलं काहीच त्यात नसतं. २००८ चं आइक कॅटेगरी दोनचं होतं, पण किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन शहराजवळ, बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्राने घरंच्या घरं पुसून नेली. २०२४ चं बेरिल जेमतेम कॅटेगरी एकचं, तरी बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आणि हार्वी? ते ह्यूस्टनवर आलं तोपर्यंत त्याचा वारा हरिकेन म्हणण्याइतकाही उरला नव्हता. बुडवलं ते पावसाने.

हार्वीचं जरा सविस्तर सांगतो. २५ ऑगस्ट २०१७, शुक्रवार, गणेश चतुर्थी. त्याच रात्री वादळ इथून दूर नैर्ऋत्येला, रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे केटीला, म्हणजे ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या उपनगरात, दुपारी आरती झाली, मोदक झाले, रात्री पाऊस सुरू झाला तो चार दिवस थांबलाच नाही. वादळ पुढे सरकायलाच तयार नव्हतं. टेक्सासच्या पूर्व भागातल्या नेदरलँड गावात एकूण साडेसाठ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर. कोकणात दीड-दोन महिन्यांत पडतो तेवढा पाऊस मोजक्या दिवसांत.

आमचं घर बार्कर जलाशयाच्या मागच्या अंगाला होतं. जलाशय म्हटल्यावर डोळ्यासमोर धरण येतं. हा एरवी कोरडाच असतो. त्यात मोठं उद्यान आहे, सायकलचे रस्ते, फुटबॉलची मैदानं. रविवारी आम्ही तिथे लेकीला घेऊन जायचो. १९३५ च्या पुरानंतर शहराचा मध्यभाग वाचवायला बार्कर आणि ॲडिक्स असे दोन मातीचे बांध घातले गेले. पाऊस फार झाला की पाणी तिथे अडवून ठेवायचं आणि मग हळूहळू बफेलो बायूत सोडायचं. बायू म्हणजे इथले संथ ओढे. अडवलेलं पाणी मागे फुगणार हे उघड आहे, आणि त्या फुगवट्याच्या जागेत हजारो घरं बांधलेली आहेत. आमचं त्यातलंच एक. घर घेताना एजंटने सांगितलं होतं, 'हा भाग फ्लड झोनमध्ये नाही, पुराच्या विम्याची गरज नाही.' आम्ही विश्वास ठेवला.

हार्वीच्या आदल्या वर्षी बाबा श्रीवर्धनहून आले होते. मागच्या अंगणात उभे राहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'इथलं पाणी जातं कुठे रे?' आमच्या कोकणात वाडी घेताना माणूस आधी पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठे आहे ते बघतो. मला उत्तर देता आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पाऊस जरा उणावला होता, आणि रस्त्याच्या गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडे काढत वर येऊ लागलं. वरून नाही, खालून. रात्री दहाला ते दारापाशी होतं. आम्ही लेकीला आणि गणपतीला माडीवर नेलं, कागदपत्रं नेली, तांदळाचा डबा नेला. सकाळी खाली दोन फूट पाणी, आणि फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. दुपारी लुझियानाहून स्वतःच्या बोटी घेऊन आलेली माणसं गल्लीत फिरत होती. तो मंगळवार, पाचवा दिवस, आमच्या विसर्जनाचा. बायको म्हणाली, या घाण पाण्यात नाही. शाडूची छोटी मूर्ती पंचात गुंडाळून पातेल्यात घेतली. बोटवाल्याने काही न विचारता आपली बर्फाची पेटी सरकवून पातेल्याला जागा केली. विसर्जन मित्राच्या घरी बादलीत झालं.

पाणी आमच्या घरात आठ दिवस होतं. उतरल्यावर भिंतींचा पुठ्ठ्यासारखा भाग, इथे ड्रायवॉल म्हणतात, चार फुटांपर्यंत कापून काढावा लागला, नाहीतर बुरशी चढते. विमा नव्हता. दुरुस्तीसाठी काढलेलं कर्ज फेडायला आम्हाला पाच वर्षं लागली.

तर आता तुमच्यासाठी. पहिलं वर्ष भाड्याने राहा, अपार्टमेंटमध्ये, वरच्या मजल्यावर. घर घ्यायची घाई नको. घ्याल तेव्हा सरकारी पूरनकाशावर पत्ता घालून बघाच, पण त्यावरच थांबू नका. 'शंभर वर्षांतला पूर' याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा असा लोक घेतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती चार घरांमागे एक इतकी होते. हार्वीत बुडालेली कितीतरी घरं नकाशाच्या रेघेबाहेर होती. म्हणून शेजाऱ्यांना विचारा, २०१७ ला पाणी कुठवर आलं होतं. लोक दारात उभे राहून हात लावून दाखवतात. आम्ही दुसरं घर घेताना मुसळधार पावसात दोनदा तिथे गाडी घेऊन गेलो आणि रस्त्यावरचं पाणी किती वेळात ओसरतं ते बघितलं.

विमा नीट समजून घ्या. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो, भाडेकरूच्या विम्यातही नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारची योजना आहे, भाडेकरूला फक्त सामानापुरताही मिळतो, आणि घेतल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू होतो. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. गाडीचा विमा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घ्या, नाहीतर बुडालेल्या गाडीचं काही मिळत नाही.

पळायचं की थांबायचं? इथलं सूत्र आहे, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. किनाऱ्याजवळच्या भागांचे, घर सोडून निघायचे झोन पिन कोडप्रमाणे ठरलेले आहेत. झोनमध्ये असाल तर सांगताक्षणी निघा. गॅल्व्हेस्टनमध्ये ८ सप्टेंबर १९०० च्या रात्री वादळात निदान सहा हजार माणसं गेली, अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसं एकदाही गेलेली नाहीत. झोनमध्ये नसाल तर घरीच थांबा. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या कत्रिना वादळाच्या धसक्याने रिटा वादळाआधी पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकदम बाहेर पडले. उन्हात तासन्‌तास गाड्या जागच्या हलेनात, पेट्रोल संपलं. वादळापेक्षा त्या पळापळीत जास्त माणसं दगावली. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना नेणारी बस डॅलसजवळ पेटली, त्यात २३ जण गेले. ज्याला निघायची गरज नाही त्याने रस्ता अडवू नये, हे मला फार मनापासून वाटतं.

घरी थांबलात तर खरी परीक्षा वीज गेल्यावर. बेरिलनंतर आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती, आणि जुलैचा उकाडा. त्यात माणसं उकाड्याने गेली. तुमच्या लहानग्यासाठी हे लक्षात ठेवा: वीज दोन दिवसांत आली नाही तर वीज असलेल्या ओळखीच्यांकडे जा, संकोच करू नका, इथे सगळे एकमेकांकडे जातात. जनरेटर घेतलात तर तो घरात, गॅरेजमध्ये, खिडकीजवळ कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेत अख्खं कुटुंब जातं. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, आठवड्याचं. खाण्याची चिंता आपल्याला कमी: पोहे, मेतकूट, भडंग, दशम्या, लाडू, शेंगदाण्याची चटणी. जून लागला की आमच्या घरी हा डबा भरलेला असतो. बायकोने त्याला 'वादळाचा डबा' नाव दिलंय आणि लेकीला त्यातले लाडू नोव्हेंबर संपल्यावरच मिळतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनवर गेलं तेव्हा मी इथे, विमानं बंद, आणि बाबांचा फोन पाच दिवस लागत नव्हता. शेवटी लागला तेव्हा म्हणाले, 'कौलं उडाली ती चढवू. बागेतल्या पोफळी मात्र आडव्या झाल्यात, त्या उभ्या राहायला दहा वर्षं.' त्याच पावसाळ्यात त्यांनी रोपं लावली.

ऑगस्टच्या शेवटी येणार असाल तर जुलैतच अपार्टमेंट पक्कं करा आणि पुराची पॉलिसी तेव्हाच सुरू करता येते का ते विचारून घ्या. पत्ता ठरला की इथे किंवा निरोपातून कळवा, त्या भागातलं पाणी कुठून कुठे जातं ते मी स्वतः जाऊन बघून येईन.