मामांचं खरं आहे, पण आधी लेकीकडे बघा

सप्रेम नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी चोवीस वर्षांची, एमबीबीएस, इंटर्नशिपचे शेवटचे तीन महिने. नीट-पीजीत रेडिओलॉजी मिळेल असा रँक आला नाही, म्हणून तिनं प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची परीक्षा, देऊन इंग्लंडला जावं आणि जीपी, म्हणजे तिथली फॅमिली डॉक्टर व्हावं, असं तुम्ही ठरवलंत. लेस्टरला तीस वर्षं जीपी असलेले तिचे मामा म्हणतात, "कॉन्ट्रॅक्ट बदलत गेलं आणि आमचं कंबरडं मोडलं, पोरीला विचारून पाठवा." ही पोट भरलेल्या माणसाची कुरकुर आहे, असं तुमचं मत. खरं कोणाचं, हा तुमचा प्रश्न.

मामांचं खरं आहे. पण मी अडकले ते तुमच्या दुसऱ्याच ओळीवर. "हल्ली रात्री अडीच-तीनपर्यंत तिच्या खोलीत दिवा असतो, जेवणावर लक्ष नाही, चिडचिड करते, पण या वयात व्हायचंच." आणि लगेच पुढे प्लॅबच्या फीची चौकशी! अहो, ही मुलगी कॅज्युअल्टीत छत्तीस-छत्तीस तास उभी राहते, "पेशंट गेला" हे नातेवाइकांना तोंडावर सांगते. तिच्याबद्दल तुम्ही लिहिता, "तिला काय कळतंय." तिथे जाऊन ती दमेल का, हे विचारताय, पण ती आत्ताच दमलेली आहे आणि हे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

चार पानांत तिच्या आवडीचा उल्लेख एकदाच आला, तोही तक्रार म्हणून: "प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पोस्टिंगला आनंदानं जायची. कुठल्या आजीची शुगर किती, हे घरी सांगत बसायची. यात काय करिअर आहे?" यातच करिअर आहे. फॅमिली डॉक्टरचं काम नेमकं हेच असतं. तुम्हाला मात्र ते रेडिओलॉजी हुकली म्हणून उरलेलं वाटतंय. १९६० आणि ७०च्या दशकांत आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर इंग्लंडातल्या गिरणगावांत आणि वेल्सच्या खाणपट्ट्यात जीपी झाले, त्यांतल्या अनेकांना हॉस्पिटलातल्या वरच्या जागा मिळत नव्हत्या म्हणून. त्यांनी कामाचं सोनं केलं, पण मनात एक सल ठेवून. तो सल तुम्ही लेकीला जायच्या आधीच देऊ नका.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. जीपी म्हणजे एनएचएसची, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, पगारी नऊ ते पाच नोकरी, असं तुम्ही धरून चालला आहात. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हापासून तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने मुख्यतः एनएचएसशी केलेल्या कंत्राटावर, म्हणजे मामांच्या त्या कॉन्ट्रॅक्टवर, चालत आले आहेत. नोंदवलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम येते. त्यातून नर्स आणि रिसेप्शनिस्टचे पगार, वीजबिल भागवायचं आणि उरेल ते दवाखान्याच्या भागीदार डॉक्टरांचं. माणूस वर्षातून एकदा आला काय आणि वीसदा आला काय, दवाखान्याला मिळणारी ही रक्कम बदलत नाही. भागीदार न होता पगारावरही काम करता येतं, पण तो पगार याच पैशातून निघतो. म्हणून कॉन्ट्रॅक्टमधली एक ओळ बदलली की डॉक्टरचा अख्खा दिवस बदलतो.

१९९० मध्ये आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क यांनी, डॉक्टरांनी मतदानात नाकारलेलं कॉन्ट्रॅक्ट लागू केलं. लसीकरणाचं लक्ष्य गाठलं तर पैसे, पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येकाची वर्षाला एकदा तपासणी, वर कागदपत्रं. त्याआधी आणि त्यानंतर झालेल्या पाहणीत डॉक्टरांचं समाधान घटलेलं आणि चिंता, नैराश्य वाढलेलं दिसलं. २००४ मध्ये १०५० गुणांची पद्धत आली: ठरवून दिलेली कामं केली की दवाखान्याला गुण, आणि गुणांवर पैसे. समोर बाई नवरा गेल्याचं सांगत रडतेय आणि संगणकावर "धूम्रपान विचारलं का?" ही चौकट भरायची राहिलीय, असं काम. पण त्याच वेळी वर्षाला सुमारे सहा हजार पौंड सोडले तर रात्रीची जबाबदारी सोडता येऊ लागली. बहुतेकांनी सोडली आणि काही काळ समाधान चक्क वाढलं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते: पैसे गेले, झोप आणि स्वतःची संध्याकाळ परत आली, आणि माणसं सावरली.

आज इंग्लंडमध्ये पूर्णवेळ जीपीमागे सव्वादोन हजारांच्या आसपास पेशंट आहेत. एका भेटीला दहा मिनिटं. दवाखाना उठल्यावर रक्ताचे रिपोर्ट आणि हॉस्पिटलची पत्रं वाचायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून पेशंटना ऑनलाइन विचारणा करायची सोयही सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा खुली ठेवणं बंधनकारक झालं. यावरून डॉक्टरांची संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला.

"जीपींचा तुटवडा आहे, नोकरी हातातच" हेही पक्कं धरू नका. २०१९ च्या कॉन्ट्रॅक्टमध्ये फार्मासिस्ट, फिजिओ वगैरे नेमायला वेगळा पैसा दिला, पण त्यातून जीपी नेमता येत नव्हता. परिणामी जुने डॉक्टर कामानं वाकलेले आणि नुकतेच जीपी झालेले काम शोधत फिरतायत, अशी वेळ आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या जीपींना त्या योजनेत घेतलं. शिवाय प्रशिक्षणाच्या जागांसाठी आधी ब्रिटिश पदवीधर, हे धोरण २०२५ मध्ये जाहीर झालंय.

वाट तुम्हाला माहीत आहेच: प्लॅबचे दोन टप्पे, नोंदणी, थोडा अनुभव, मग तीन वर्षांचं प्रशिक्षण. आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचं डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं स्पेशलायझेशन, तेही तीनच वर्षांचं आहे. त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

पण यांतलं काहीही या महिन्यात ठरवायचं नाही, फी भरायची नाही. आधी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ द्या, तिच्या कॉलेजबाहेरचे निवडा, म्हणजे ती मोकळं बोलेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला द्या, तिथे मराठीत बोलता येतं. यात कमीपणा नाही. इंग्लंडमध्ये खास डॉक्टरांसाठी अशी गोपनीय सेवा २००८ मध्ये लंडनला सुरू झाली आणि पुढे देशभर गेली.

मामांशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही फोनजवळ बसू नका. त्यानंतर तिला वाटलं तर तिनं मला स्वतः लिहावं. ते पत्र तुम्ही आधी वाचून बघू नका. तिनं लिहिलंच नाही, तरी त्यावरून घरात तिला एका शब्दानं विचारू नका.

आपली,
करिअर समुपदेशक